वाट चुकण्याचा हिशेब

१५ ऑक्टोबर १९३२ची दुपार. जुहूच्या मैदानावर एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान उतरलं. सकाळी कराचीहून निघालेल्या या विमानात टपालाच्या पिशव्या होत्या आणि चालवायला एकटे जे. आर. डी. टाटा. वाटेत अहमदाबादला पेट्रोलपुरता थांबा झाला, आणि ते पेट्रोलही बैलगाडीतून आलेलं. विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि दोन डोळे एवढ्या भांडवलावर त्यांनी जुहू शोधून काढलं.

जवळजवळ चाळीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ला सकाळी, त्याच जुहूत जपान एअरलाइन्सचं चार इंजिनांचं डीसी-८ जेट उतरलं. त्याला खरं तर उतरायचं होतं सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर. छोट्या विमानांसाठी बांधलेली जुहूची आखूड धावपट्टी त्या धुडाला पुरली नाही आणि ते टोकापलीकडे घसरत गेलं. विमान कायमचं निकामी झालं, पण सुदैवाने कोणी दगावलं नाही. असं पहिल्यांदाच घडलं होतं असंही नाही. १९५३मध्ये एका ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेटही सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं होतं.

म्हणजे ज्याच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं त्याला जुहू शोधून सापडलं, आणि ज्यांचं कॉकपिट उपकरणांनी भरलेलं होतं त्यांना ते न शोधता सापडलं! हवाई मार्गशोधनाचा, वैमानिकांच्या भाषेत ‘नेव्हिगेशन’चा, सगळा धडा या दोन घटनांमध्ये आहे. नेव्हिगेशन म्हणजे ‘मी कुठे आहे’ हे ओळखण्याची विद्या, असं बाहेरून वाटतं. वैमानिकाला मात्र पहिल्या धड्यापासून वेगळाच प्रश्न विचारायला शिकवतात: मी किती चुकलो असेन, आणि ते मला कशावरून कळेल?

दिशा, वेग, वेळ

रस्त्यावर वाट चुकली तर गाडी बाजूला घेऊन टपरीवर विचारता येतं. विमानाला आकाशात थांबून राहता येत नाही, आणि टाकीतलं इंधन म्हणजे हातात उरलेला वेळ. त्यामुळे हिशेब आधी करून निघावं लागतं.

हा हिशेब तीन आकड्यांचा. पहिला आकडा दिशेचा. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोन मोजायचा, म्हणजे पूर्व ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दुसरा वेगाचा, तिसरा वेळेचा. अंतरासाठी वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. एका अक्षांशाच्या अंतराचे साठ समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १,८५२ मीटर. हे माप पृथ्वीच्या गोलाईतूनच आलेलं असल्यामुळे नकाशाच्या उभ्या कडेवर अक्षांशाच्या ज्या खुणा असतात तीच मोजपट्टी होते. तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट.

आता कराची ते अहमदाबाद नकाशावर सरळ रेघ मारू. अंतर साधारण ३२० नॉटिकल मैल, दिशा ११० अंश, म्हणजे पूर्वेच्या जरा दक्षिणेला. विमान ९० नॉटने जात असेल तर तीन तास तेहतीस मिनिटं लागतील. निघून एक तास झाला? मग रेघेवर ९० मैलांची खूण करायची: मी इथे असायला हवा. खाली काही दिसो न दिसो, ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने, इतका वेळ उडालो म्हणून मी इथे. यालाच ‘डेड रेकनिंग’ म्हणतात. ही युक्ती मूळची खलाशांची. कराची-अहमदाबाद रेघ कच्छच्या मोठ्या रणावरून जाते, तिथे तर या युक्तीला पर्यायच नाही. खाली पांढरं मीठ पसरलेलं. ना रूळ, ना देऊळ, ना विचारायला माणूस.

वाऱ्याची सावकारी

या सरळ हिशेबात घोळ घालतो तो वारा. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की तरीवाला समोरच्या घाटाच्या रोखाने नाव हाकत नाही. तो घाटाच्या वरच्या अंगाला रोख धरतो, आणि पाणी नावेला आपोआप घाटावर आणून सोडतं. विमानाचं अगदी असंच आहे. ते हवेत उडतं आणि ती हवाच जमिनीवरून सरकत असते. म्हणून वैमानिक दोन दिशा वेगळ्या ठेवतो. विमानाचं नाक जिकडे असतं ते ‘हेडिंग’, आणि विमान जमिनीवरून प्रत्यक्षात ज्या वाटेने जातं तो ‘ट्रॅक’. दोन्हींत जो फरक पडतो तो वाऱ्याने वाहून नेल्याचा, त्याला म्हणतात ‘ड्रिफ्ट’.

समजा, त्या ११० अंशांच्या वाटेवर डाव्या बाजूने, बरोबर काटकोनात, १५ नॉटचा वारा आहे. झाडाची पानं सळसळवणारा, फार नाही. वैमानिकाने तो लक्षात न घेता नाक ११०वरच ठेवलं, तर साडेतीन तासांत वारा त्याला ५३ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, उजवीकडे नेऊन ठेवेल. अहमदाबाद यायच्या वेळी खाली दिसेल धोलेऱ्याच्या बाजूची खंबातच्या आखाताजवळची खारट पाणथळ. उपाय सोपा: नाक दहा अंश डावीकडे, १००वर धरायचं. मग तिरक्या अंगाने सरकत विमान रेघेवरूनच जातं. जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याला ते खेकड्यासारखं चालताना दिसेल.

वारा समोरून किंवा मागून असेल तर तो वेळेत हात घालतो, आणि इथे त्याचा स्वभाव अगदी सावकाराचा. ९० मैलांवरचं गाव, विमानाचा वेग ९० नॉट. वारा नसेल तर जायला एक तास, यायला एक तास. आता जाताना पाठीमागून ३० नॉटचा वारा आहे असं धरा. वेग १२०, पाऊण तासात पोचलो, पंधरा मिनिटं वाचली! परत येताना तोच वारा समोरून. वेग ६०, दीड तास. म्हणजे वाऱ्याने जाताना दिलेली पंधरा मिनिटं येताना तीस करून वसूल केली. वारा जाताना मदत करतो आणि येताना अडवतो, म्हणून शेवटी हिशेब बरोबरीत सुटेल, असा नवख्यांचा समज असतो. तो कधीच सुटत नाही, आणि परतीच्या वाटेवर टाकी कोरडी पडते ती अशा समजुतीमुळेच.

उत्तर नक्की कुठे?

दिशा उत्तरेपासून मोजायची हे ठरलं, पण उत्तर एक नाही. नकाशावरचे रेखांश जिथे एकत्र येतात तो भौगोलिक उत्तर ध्रुव. होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. दोन्हींमधला कोन जागेनुसार बदलतो. मुंबईत तो एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या वैमानिकाला तो फारसा छळत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला तो १५ अंशांच्या आसपास आहे. तिथे तो विसरला तर साठ मैलांत वाट पंधरा-सोळा मैलांनी चुकते.

त्यातही हा कोन एका जागी स्थिर नाही, चुंबकीय ध्रुव सरकत असतो. या सरकण्याची नोंद ठेवणारी एक जुनी जागा आपल्या अलिबागला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नाजूक उपकरणं बिघडतील, म्हणून हे काम १९०४मध्ये खाडीपलीकडे अलिबागला हलवलं. आजही तिथे नोंदी होतात.

ध्रुव सरकल्याचा परिणाम धावपट्टीवरही दिसतो. धावपट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात जो मोठा आकडा असतो तो तिची चुंबकीय दिशा, शेवटचं शून्य गाळून. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९-२७ म्हणजे एका बाजूने ९० अंश, उलट बाजूने २७०. चुंबकीय उत्तर पुरेशी सरकली की हे आकडे पुन्हा रंगवावे लागतात. अमेरिकेतल्या टॅम्पा विमानतळावर २०११मध्ये याच कारणाने धावपट्टीवरचा १८ खोडून १९ लिहावा लागला. काँक्रीट तसूभरही हललं नव्हतं!

शिवाय होकायंत्राचा स्वतःचा तापटपणा असतोच. विमानातलं लोखंड आणि विजेच्या तारा त्याला किंचित फसवतात, वळताना आणि वेग वाढवताना त्याची तबकडी भलतीकडे झोके घेते. म्हणून शेजारी गरगर फिरणाऱ्या चक्रावर चालणारा दिशादर्शक बसवतात. तो वळणातही स्थिर राहतो, पण चक्र हळूहळू ढळतं आणि अर्ध्या तासात त्याचा आकडा काही अंशांनी चुकू शकतो. तेव्हा वैमानिक दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ आणि समतोल ठेवतो, होकायंत्र शांत होऊ देतो आणि त्यावरून दिशादर्शक जुळवून घेतो. एक चंचल पण दीर्घकाळ खरा, दुसरा स्थिर पण हळूहळू ढळणारा. दोघांच्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत, म्हणूनच ते एकमेकांना सुधारू शकतात. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा कामाला येते.

घड्याळ, नकाशा, जमीन

मांडीवर पट्ट्याने बांधलेली छोटी पाटी, तिच्यावर कागद, दोरीला पेन्सिल. शिकाऊ वैमानिक एकटा निघाला की त्याचं अर्धं लक्ष या कागदावर असतं. कोणती खूण किती वाजता यायला हवी, प्रत्यक्षात किती वाजता आली. वाचायचा क्रम ठरलेला: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. सव्वानऊ वाजले, म्हणजे नकाशाप्रमाणे मी नदीच्या वळणाजवळ, आता खाली बघू वळण आहे का.

नवखा नेमकं उलट करतो. तो आधी खाली बघतो, नदी आणि रूळ दिसतात, मग तसं काहीतरी नकाशावर शोधतो. आणि ते सापडतंच! नदी, तिच्यावरचा पूल, शेजारी साखर कारखान्याची चिमणी, हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी एकसारखं आहे. मनाने एकदा ‘हेच ते’ म्हटलं की न जुळणाऱ्या गोष्टींना माणूस स्वतःच सबबी शोधत जातो. पूल नवीन झाला असेल. नदीला पाणी कमी असेल. घड्याळापासून सुरुवात करण्यात शहाणपण एवढंच की ते तुमच्या इच्छेकडे बघून चालत नाही.

खूण बाजूला राहिली तर तोंडी हिशेबाची एक जुनी युक्ती आहे. साठ मैलांत एक मैल सरकलो तर चूक एक अंशाची. समजा, ३० मैल गेल्यावर कळलं की आपण रेघेच्या दोन मैल उजवीकडे आहोत. साठाला चार, म्हणजे चूक चार अंशांची. नाक चार अंश डावीकडे घेतलं तर विमान रेघेला समांतर जाईल. आठ अंश घेतलं तर पुढच्या ३० मैलांत पुन्हा रेघेवर येईल. कागद-कंपास काही नको. शिवाय चार अंशांची चूक आली याचा अर्थ वाऱ्याचा अंदाज चुकला, तेव्हा पुढच्या टप्प्याचा हिशेब खऱ्या वाऱ्याने मांडायचा. चुकीतूनच वारा मोजून मिळतो.

याच विचाराचं टोक गाठलं फ्रान्सिस चिचेस्टर यांनी. १९३१मध्ये ते न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे छोट्या जिप्सी मॉथ विमानातून एकटे निघाले. एका दमात टास्मान समुद्र ओलांडण्याइतकं इंधन मावत नव्हतं, म्हणून वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाव ही दोन चिमुकली बेटं गाठायची होती. नॉरफोक बेट सारं मिळून पस्तीसेक चौरस किलोमीटरचं. सरळ बेटाचा रोख धरला आणि वेळ झाल्यावर खाली नुसतं पाणीच दिसलं, तर? बेट डावीकडे राहिलं की उजवीकडे हे कळायला मार्ग नाही, आणि चुकीच्या बाजूला वळलं की संपलं. चिचेस्टर यांनी मग मुद्दाम चुकायचं ठरवलं. बेटाच्या एका बाजूला पुरेसा लांब रोख धरायचा. एका हाताने विमान सांभाळत सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजायची. बेटातून जाणाऱ्या ठरलेल्या ओळीवर आलो हे सूर्याने सांगितलं की वळायचं, कारण बेट कोणत्या बाजूला आहे हे आता शंभर टक्के ठाऊक. छोटी आणि अनोळखी चूक टाळण्यासाठी मोठी आणि ओळखीची चूक जाणूनबुजून करायची!

उंचीचंही असंच. विमानातला उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो आणि त्याची उंची करून दाखवतो. दाब एक हेक्टोपास्कलने चुकला की उंची जवळजवळ तीस फुटांनी चुकते. जास्त दाबाच्या प्रदेशातून कमी दाबाच्या प्रदेशात जाताना आकडा बदलून घेतला नाही तर काटा दाखवतो त्यापेक्षा विमान खाली असतं. ढगात शिरलेला सह्याद्री अशा चुकीला क्षमा करत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी त्या जागेचा ताजा दाब नियंत्रकाकडून घेतात, आणि तो आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवतात.

यंत्रं आली, प्रश्न तोच राहिला

पुढे रेडिओने आकाशात दीपस्तंभ उभे केले. व्हीओआर नावाचं जमिनीवरचं केंद्र प्रत्येक दिशेला जरा वेगळा संदेश फेकतं, त्यावरून विमानाला कळतं की आपण त्या केंद्राच्या अमुक अंशावर आहोत. एका केंद्रातून एक रेघ मिळते, दोन केंद्रांच्या रेघा जिथे छेदतात तिथे विमान. समुद्रावर ही केंद्रं नसत. तिथे दीर्घकाळ नॅव्हिगेटर नावाचा वेगळा माणूस सेक्स्टंटने तारे मोजत बसे. सुरुवातीच्या बोइंग ७४७च्या कॉकपिटच्या छतालाही सेक्स्टंटसाठी भोक ठेवलेलं होतं.

त्या माणसाची जागा घेतली जडत्वावर चालणाऱ्या यंत्रणेने. डोळे बांधून एसटीत बसलेला माणूस प्रत्येक गचका, प्रत्येक वळण आणि मधला वेळ अचूक लक्षात ठेवू शकला, तर घाट कधी संपला हे तो सांगेल. ही यंत्रणा तेच करते. म्हणजे ती यंत्राने केलेली डेड रेकनिंगच, त्यामुळे तिची बारीक चूक तासागणिक साचत जाते.

पण मोठे अपघात अशा साचलेल्या चुकीने झाले नाहीत. १ सप्टेंबर १९८३ला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान ००७ आपल्या वाटेपासून हळूहळू उजवीकडे सरकत गेलं. स्वयंचलित चालक जडत्वाच्या यंत्रणेला जोडला गेलाच नव्हता, तो नुसती होकायंत्राची दिशा धरून होता. पाचेक तासांत विमान वाटेपासून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, सोव्हिएत हद्दीत गेलं आणि सखालिनजवळ लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की लष्करासाठी उभी राहत असलेली जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरालाही खुली राहील. आज आपल्या खिशातल्या फोनवर जो निळा ठिपका चालतो, त्याच्या मागे ही कहाणी आहे.

३ सप्टेंबर १९८९ला ब्राझीलमध्ये व्हारिग कंपनीचं विमान माराबाहून बेलेमला निघालं. उड्डाणाच्या कागदावर दिशा छापली होती ०२७०. शेवटचं शून्य दशांशाचं, म्हणजे २७.० अंश, उत्तरेच्या जरा पूर्वेला. कॅप्टनने ती २७० वाचली आणि यंत्रात भरली. विमान निमूटपणे पश्चिमेला, अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर निघालं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, सांगितलं ते त्याने इमानाने केलं. वेळ संध्याकाळची होती. उत्तरेला जाणाऱ्या विमानात सूर्य डाव्या हाताला मावळायला हवा, आणि तो समोर होता. शेवटी इंधन संपलं आणि रात्री विमान झाडांवर उतरवावं लागलं. बहुतेक जण वाचले, सगळे नाही.

उपग्रहांनी अचूकता काही मीटरांवर आणली. भारतीय आकाशात त्यांचे संकेत आणखी सुधारून देणारी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणाही आहे. मात्र उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की जवळचा एखादा ट्रान्समीटर त्याला दाबू शकतो, किंवा त्याची हुबेहूब नक्कल करून विमानाला भलतीच जागा सांगू शकतो. युद्धांमुळे पश्चिम आशिया आणि पूर्व युरोपच्या आकाशात अलीकडे हे वारंवार घडतं आहे. पडद्यावरचा ठिपका डगमगत नाही, शांतपणे चुकीच्या जागी चालत राहतो. तेव्हा वैमानिक वळतो ते जडत्वाच्या यंत्रणेकडे, जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांकडे आणि घड्याळाकडे, कारण या सगळ्यांच्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत.

आता पुन्हा जुहूकडे. पश्चिमेकडून समुद्रावरून येणाऱ्या विमानाला सांताक्रूझच्या ०९ धावपट्टीवर उतरायचं असतं, आणि तिच्या अलीकडे, दोनेक किलोमीटरवर, जुहूची ०८ धावपट्टी लागते. दिशेत दहाच अंशांच्या आतबाहेर फरक, म्हणजे होकायंत्र तक्रार करणार नाही. अंतरात इतका थोडा फरक की घड्याळही अर्ध्याच मिनिटाने बोलेल. डोळ्यांना हवी होती धावपट्टी आणि ती दिसली. एकच गोष्ट न जुळणारी होती. सांताक्रूझची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, जुहूची जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आत.

जेआरडींना १९३२मध्ये रणावर काही दिसतच नव्हतं, त्यामुळे दिसलेल्यावर विश्वास टाकायची सोय नव्हती. हिशेब करत राहणं भाग होतं. १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची ते जुहू हा प्रवास जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा एकट्याने केला. तोवर जुहूभोवती मुंबई दाटली होती आणि पलीकडेच सांताक्रूझची लांबलचक धावपट्टी पसरलेली होती. जेआरडी आखूड धावपट्टीवरच उतरले.